सेट तोच होता, मग लोक हसले का नाहीत? खेड्यातल्या स्टँडअपच्या जागेबद्दल

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: "ताई, पुण्यात चाळीस जणांच्या कॅफेत माझा वीस मिनिटांचा स्टँडअपचा सेट चांगला चालतो. तोच सेट वऱ्हाडीत बसवून मी आमच्या गावच्या शारदोत्सवात केला. पाच-सहाशे माणसं होती. कोणी उठून गेलं नाही, पण कोणी हसलंही नाही. चूक जोकची की जागेची?"

तू सोबत फोटो पाठवलास हे बरं केलंस. शाळेचं पटांगण, छातीएवढं उंच स्टेज, स्टेज आणि पहिल्या रांगेच्या मधे बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा. मग पाहुण्यांचे पांढऱ्या खोळीचे सोफे. त्यांच्या मागे डावीकडे बाया, उजवीकडे गडी माणसं, आणि पार शेवटी मोटरसायकलींवर बसलेले पोट्टे. दोन बल्ल्यांना दोन भोंगे. तुझ्या तोंडावर हॅलोजन आणि लोकांच्या डोक्यावरही हॅलोजन. अशा मांडणीत निदान पहिली दहा मिनिटं कोणाचाही सेट उभा राहणं अवघड आहे. दोष बराचसा जागेचा आहे, असं मी ठामपणे सांगते. जोकांबद्दल शेवटी बोलू.

आधी हसण्याबद्दल. एकट्यानं माणूस फार कमी हसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकानं हसण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याच्या नोंदींप्रमाणे माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो. फ्रीडमन आणि पर्लिक या दोघांनी १९७९ मध्ये दाटीवाटीचा प्रयोग केला. त्यात असं दिसलं की शेजारी कोणी हसत असेल, तर त्याची लागण खेटून बसलेल्या माणसांना सुट्या बसलेल्यांपेक्षा जास्त होते. न्यूयॉर्कचा कॉमेडी सेलर १९८२ पासून तळघरात चालतो आहे. छत डोक्याजवळ, खुर्च्या एकमेकींना चिकटलेल्या. शेजाऱ्याचं हसू छताला आपटून आपल्याच कानात येतं. तुझं पुण्यातलं कॅफेही थोड्याफार फरकानं असंच असणार.

आता पटांगण घे. वर आभाळ, बाजूला काही नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. तुझा आवाज भोंगा पोचवतो, लोकांच्या हसण्याला भोंगा नाही. उजवीकडची वीस माणसं खळखळून हसली तरी डावीकडच्या बायांपर्यंत ते पोचत नाही, आणि स्टेजवर तुझ्यापर्यंत तर नाहीच. तेव्हा "कोणी हसलंही नाही" असं तू लिहितोस, त्यातलं काही हसू तुला ऐकूच आलं नसणार. चुलीतली लाकडं लांब लांब सारली की एकेक विझत जातं, तसं त्या पटांगणात झालं.

त्यात वेळेचा घोळ. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मागचा पोट्टा ३४ मीटरवर असेल तर स्टेजजवळच्या भोंग्यातून निघालेला शब्द त्याच्यापर्यंत जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि त्याचं हसू परत यायला तेवढाच. ऐकताना हे किरकोळ वाटतं. पण कॅफेत बसलेली लय एवढ्यानं बिघडते. पंच, म्हणजे जोकची हसवणारी शेवटची ओळ, टाकला, थांबलास, काही आलं नाही, म्हणून घाईनं पुढची ओळ सुरू केलीस, आणि मागून येणारं हसू तुझ्याच ओळीखाली दबलं. दोनदा असं झालं की मागची माणसं हसणं आवरतात, कारण हसलं तर पुढचं ऐकू येत नाही हे त्यांना कळतं. मोकळ्या जागेत पंचानंतर एक अख्खा श्वास घ्यायचा. स्टेजवर तो फार लांब वाटतो, खाली बसलेल्याला जाणवतही नाही.

आणि साउंडवाल्याला पहिलं वाक्य हेच सांग: "दादा, इको पूर्ण बंद करा." आपल्याकडे मिक्सरवर इको कायम चढवलेला असतो, कारण काल ऑर्केस्ट्रा होता आणि उद्या आरती आहे. गाण्याला तो शोभतो. बोलण्यात मात्र एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यावर पडतं आणि पंचचा शेवटचा शब्दच पुसला जातो. भोंगे अनाउन्समेंट लांबवर पोचवण्यासाठी असतात. बोलण्यासाठी साधे बॉक्स घे, स्टेजच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर. जमलं तर एक बॉक्स मधल्या रांगांजवळ, आवाज कमी ठेवून.

पण माझ्या मते तुझा कार्यक्रम खरा अडला तो सोफ्यांपाशी. गावात सोफा मानासाठी मांडतात. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे अध्यक्ष, मोठी वर्गणी देणारे, बाहेरगावचे पाहुणे. विनोद त्यांनाही कळतो. पण आपल्या पाठीवर सगळ्या गावाची नजर आहे हे भान त्यांना असतं, म्हणून ते जपून हसतात. आणि नजर खरंच असते. ग्रामपंचायतीच्या नळाचा जोक आला की मागच्या शंभर माणसांचे डोळे आधी सरपंचाच्या मानेकडे जातात. मान हलली तर हसायचं, नाहीतर थांबायचं. तेवढ्या थांबण्यात पंच शिळा होतो.

कॅफेत शेजारी कोण बसलंय हे कोणाला माहीत नसतं, त्यामुळे कशावरही हसता येतं. गावात शेजारी बसलेला माणूस काका असतो, मामेसासरा असतो, पोराला शिकवणारे गुरुजी असतात. सासूच्या जोकवर सून मोठ्यानं हसली आणि ते दोन रांगांपलीकडून सासूनं पाहिलं, तर त्या हसण्याचा हिशोब घरी होतो. तिला जोक चांगला कळलेला असतो.

हे मी दोन्हीकडून पाहिलं आहे. आर्वीकडच्या एका गावात बचत गटाच्या बायांसाठी समाज मंदिरात कार्यक्रम होता. दार लोटलेलं, गडी माणसं बाहेर, सतरंजीवर बाया गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू, घोटण्यात रंगलेल्या नवऱ्याचा प्रसंग सांगत होते. चुलीवर भाजी करपतेय, पण त्याची पन्नी हातातून सुटत नाही. पुढ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी आधी पदर तोंडात धरला. मग तो सोडला, शेजारणीच्या पाठीत जोरात थाप मारली आणि म्हणाल्या, "आमचा बुढा अस्साच!" त्यानंतर मला दोन मिनिटं बोलता आलं नाही. मागच्या रांगेतून एकेकीच्या नवऱ्याचा किस्सा बाहेर येत होता, नाव घेऊन. महिनाभरानं त्याच गावच्या पटांगणात, बऱ्याचशा त्याच बायांसमोर, तोच प्रसंग केला. या वेळी पुरुष समोर बसलेले आणि लख्ख उजेड. बायांचे खांदे हलत होते, माना खाली होत्या, आवाज नव्हता. मावशी तिथंही होत्या. त्यांनी पदर तोंडातून काढलाच नाही.

तेव्हापासून जागा लावताना मी एकच गोष्ट धरून चालते: माणसांना एकमेकांचं हसणं ऐकू आलं पाहिजे, पण एकमेकांचे चेहरे फार दिसता कामा नयेत. हसू पसरतं कानानं, आणि अडतं डोळ्यानं. गोलाकार किंवा समोरासमोर बैठक फोटोत छान दिसते, पण सासरा आणि सून समोरासमोर येतात. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आणि बैठक दाट, हे बरं. बायांची बैठक बाजूला लांब ढकलायची नाही. स्टेजच्या अगदी जवळ, पुढच्या अर्ध्या भागात घ्यायची, म्हणजे पुरुष त्यांच्या मागे राहतात आणि त्यांना पाठी दिसतात, चेहरे नाही. मंडळाला हे पटवणं अवघड नसतं. "बायांना नीट ऐकू येत नाही" एवढं सांगितलं की लगेच जागा होते.

सोफे उचलून टाक असं मी सांगणार नाही. मान राखायलाच हवा, आणि तो राखला नाही तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. ते फक्त मधून काढून एका कडेला तिरपे लावायचे. पाहुण्यांना स्टेज जवळून दिसतं, सत्काराला उठणं सोपं जातं, आणि गावाच्या नजरेच्या रेषेतून ते बाजूला होतात. मधली रिकामी जागा सत्कार आटोपल्याबरोबर भरून घ्यायची. निवेदकाला आधीच सांगून ठेव: "मागच्यांनी पुढं सरका, सतरंजी मोकळी आहे." अगदी पुढं लहान लेकरं मात्र नकोत. ती तुझ्या हातवाऱ्यांवर हसतात, शब्दांवर नाही, आणि दहा मिनिटांत धावायला लागतात. ती आयांजवळ बरी.

उजेडाचंही तसंच. तुझ्यावर एक फोकस, समोरून पण जरा बाजूनं, डोळ्यात न जाणारा. लोकांच्या डोक्यावरचे हॅलोजन बंद. पण पूर्ण अंधार गावात चालत नाही. बायका-लेकरांना अंधारात बसवलं की घरची माणसं अस्वस्थ होतात, कोणाला मधेच लेकरू घेऊन जायचं असतं, पावसाळ्यानंतर गवतात साप-विंचवाची धास्ती असते. येण्याजाण्याच्या वाटेवर आणि पेंडालच्या मागच्या बाजूला ट्यूबलाइट चालू राहू दे. तेवढ्यात वाट दिसते, चेहरा दिसत नाही.

आपल्या भागात हे शहाणपण जुनं आहे. खडी गंमत हे आपलं लोकनाट्य बघ. कलाकार उभे, लोक भोवती दाटीनं, स्टेजची उंचीच नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. मोकळ्या मैदानात बसलेली गर्दी त्या उत्तरामुळे स्वतःला ऐकू येते, आपण किती आहोत आणि एकत्र आहोत हे तिला कळतं. हे तू उचल. पहिला जोक टाकण्याआधी असा एक प्रश्न विचार ज्याचं उत्तर अख्खं गाव ओरडून देईल. एसटी किती वाजता येते, असंही चालेल.

झाडीपट्टीत तर जागा बांधण्याचीच कला आहे. भाताची कापणी झाली की दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं रात्र रात्र नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिथल्या नाट्यमंडळांचं मोठं ठाणं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथं शेतातच मांडव पडतो, पण तो चहूबाजूंनी कनातीनं बंद असतो. तिकिटासाठी बंद करतात हे खरं, पण त्याच कनातीमुळे गर्दी एका जागी आवळली जाते आणि बाहेरची वर्दळ डोळ्यांआड होते. काही गावांत बसायची जागा स्टेजकडे उतरती खोदून घेतात, म्हणजे पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. थंडीच्या रात्री हजारो माणसं विनोदी पात्राच्या एकेका शब्दावर हसतात, आणि तिथं छत म्हणजे नुसतं कापड असतं. एवढी कनात तुझ्याही बिछायत केंद्रवाल्याकडे, म्हणजे मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याकडे, नक्की असते. दोन्ही बाजू आणि मागची बाजू लावायला सांग. जास्तीचे पैसे फार लागत नाहीत.

त्याला आणखी एक सांग: खुर्च्या आधी मांडून ठेवू नका. सहाशे खुर्च्या मांडल्या आणि तीनशे माणसं आली तर ती चौफेर विखुरतात, आणि एकदा बसलेला माणूस हलत नाही. पुढं सतरंजी, तिच्यामागे थोड्या खुर्च्या, बाकीच्या थप्पीत. माणसं येतील तशा काढायच्या. सतरंजी मला खुर्चीपेक्षा केव्हाही आवडते, कारण तिच्यावर खांद्याला खांदा लागतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात दोघांच्या मधे येतात, आणि लोक ती मागे सरकवत राहतात. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना मागे खुर्च्या, म्हणजे उंचीचा उतारही आपोआप मिळतो. मोटरसायकलवाल्या पोट्ट्यांशी स्टेजवरून भांडू नको. गाड्या लावायची जागा कनातीबाहेर ठेव, पानठेलाही तिकडेच राहू दे. खर्रा घ्यायला जाणारा जाईलच, पण त्याच्याभोवती घोळका आत जमणार नाही.

स्टेज दीड-दोन फुटांचं पुरे. पाच फुटी स्टेज भाषणासाठी असतं. त्यावर उभा राहणारा काहीतरी उपदेश करणार अशी लोकांना सवय असते, आणि ते तसेच बसतात. पाठीमागे भिंत असेल तर उत्तम, निदान जाड पडदा तरी. मागून माणसं ये-जा करत असली की लोकांचे डोळे तिकडे जातात.

बंद जागांबद्दल. मंगल कार्यालय मिळालं म्हणून खूश होऊ नको. वर पत्रा, खाली टाइल्स, भिंती उघड्या. अशा हॉलमध्ये शब्द दोन-तीन सेकंद घुमत राहतो, आणि बोलणं स्वच्छ कळायला तो घुमारा सेकंदाच्या आत संपावा लागतो. रिकाम्या हॉलमध्ये माईक तपासून निराश व्हायचं कारण नाही. माणसांचे कपडे आणि अंगं बराच आवाज पितात, भरल्यावर फरक पडतो. तरी खाली मॅट आणि मागच्या भिंतीवर कनात हवीच, आणि बोलणं थोडं सावकाश. उन्हाळ्यात खरा शत्रू कूलर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा कूलर बंद करा म्हणणं हा लोकांवर अन्याय आहे. ते स्टेजजवळून हलवून मागच्या दारांत बसवायचे आणि कार्यक्रम रात्री उशिरा ठेवायचा. पत्र्यावर पाऊस आला तर बोलणं थांबव, दुसरा उपाय नाही.

देवळाचा सभामंडप आकारानं स्टँडअपसाठी फार चांगला असतो: छत खाली, जागा आटोपशीर, सतरंजी आधीच अंथरलेली. पण चपला बाहेर काढून, समोर मूर्ती आणि तुकडोजी महाराजांचा फोटो ठेवून बसलेला माणूस भजनाला बसल्यासारखा बसतो. तिथं घरातलं, शेतातलं, गावातलं गोड हसू मिळतं. चावट काही काढलंस तर लोक तुझ्यावर रागावत नाहीत, स्वतःच संकोचतात. आणि त्यानंतर ते मोकळे होत नाहीत.

मोकळ्या जागेचा विचार करताना घड्याळ आणि वीजही बघ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तो दिवस त्या सवलतीत आहे का, हे मंडळाला विचार. सत्कार लांबले आणि दहाला दहा मिनिटं असताना तू उभा राहिलास, तर लोकांचं लक्ष माईक कधी बंद होतो याकडे असतं. रब्बीत शेतीच्या पंपांना रातची लाईन असेल त्या आठवड्यात तारीख घेऊ नको. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असलेला शेतकरी पंचच्या ऐन वेळी उठून जातो, आणि त्याचं जाणं बरोबरच असतं.

आता जोक. ते तपासायचे तर पटांगण ही जागाच नव्हे. तुझ्याच गावात पन्नास माणसं जमव, समाज मंदिरात किंवा शाळेच्या एका वर्गात, सतरंजीवर, दार लोटून. तिथं तोच सेट कर. तिथंही शांतता राहिली तर दोष जोकचा समज. तू पाठवलेल्या सेटमधला घरमालकाच्या डिपॉझिटचा भाग आणि सोसायटीच्या वॉचमनचा भाग तिथं पडतील असं मला वाटतं. वऱ्हाडीत बोलल्यानं ते वऱ्हाडातले होत नाहीत. फ्लॅटमध्ये भाड्यानं न राहिलेल्या माणसाला त्यातला अपमान कळायला मधे दोन वाक्यं जास्त लागतील, आणि ती घातली की पंच लांबतो. ते पुण्यासाठी ठेव. मुक्कामी एसटीचा कंडक्टर आणि तुझ्या आजीचं भांडण हा भाग मात्र पक्का आहे. सुरुवात त्यानंच कर, आणि आजी खिडकीतून पिशवी आत टाकते तिथं नीट थांब.